पाखरांचा हजेरीपट

यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत हयात घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत पाखरांवर बोलावे, याचे पुष्कळांस नवल वाटेल. मजुरी, बोनस, पाळी आणि भविष्यनिर्वाह निधी हे आमचे नेहमीचे विषय. तथापि आज जो इतिहास आम्ही सांगणार आहो, तो एका अर्थी आमच्याच धंद्यातला आहे. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही त्याचा हक्क कोणी मानीत नाही, हे कामगारांच्या बाबतीत आम्ही अनुभवाने शिकलो. पाणथळीतल्या पाखरांच्या बाबतीतही तेच खरे आहे. आणि हे ज्यांनी ओळखले त्यांनी गेल्या सव्वाशे वर्षांत पाखरांचा हजेरीपट कसा उभा केला, ते येथे थोडक्यात मांडावयाचे आहे.

कबनूरपासून पंचगंगा दूर नाही. पावसाळा सरला की नदीकाठी, ओढ्यांच्या कडेला, उसाच्या फडालगत साचलेल्या पाण्याजवळ काही पाहुणे येतात. शेपटी वरखाली हलवीत चिखलातून चालणारा धोबी, ज्यास कोणी परीट म्हणतात. तारेवर ओळीने बसणारी भिंगरी. आणि पाणकणसात किंवा दाट झुडपात लपून ‘चक् चक्’ असा आवाज करणारा बोरूवटवट्या. हा शेवटचा पाहुणा पाहिलेले लोक थोडे, ऐकलेले पुष्कळ. त्याचे वजन दहा-बारा ग्रॅम, रंग वाळलेल्या पानासारखा. चैत्र-वैशाखात हे सारे नाहीसे होतात. ही व्याख्यानमाला चालू असते त्या दिवसांत त्यांतले शेवटचे परतीच्या वाटेला लागलेले असतात. ते जातात कोठे, आणि पुढल्या वर्षी येतात ते तेच की दुसरे?

या साध्या प्रश्नाचे उत्तर हजारो वर्षे कोणापाशी नव्हते. अ‍ॅरिस्टॉटलसारख्या थोर तत्त्ववेत्त्याने लिहून ठेवले की भिंगऱ्या हिवाळ्यात बिळांत दडून राहतात, आणि एका जातीचा पक्षी ऋतू बदलताच दुसऱ्या जातीचा होतो. सोळाव्या शतकात युरोपातल्या एका विद्वान धर्माधिकाऱ्याने तर कोळी लोक बर्फाखालच्या पाण्यातून जाळ्याने भिंगऱ्या ओढून काढीत आहेत, असे चित्रच छापले. १८२२ साली जर्मनीतील मेक्लेनबर्ग प्रांतात एक करकोचा मारला गेला, त्याच्या मानेत मध्य आफ्रिकेतला भाला आरपार अडकलेला होता. तो पेंढा भरून रॉस्टॉकच्या विद्यापीठात जपून ठेवला आहे. पाखरे दूरदेशी जातात याचा तो पहिला ढळढळीत पुरावा. परंतु पुराव्यासाठी प्रत्येक पाखरास भाला लागण्याची वाट कोण पाहणार?

यावर तोड काढली ती एका शाळामास्तराने. डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गावचे हान्स ख्रिश्चन कॉर्नेलियस मोर्टेन्सेन यांनी १८९० साली जस्ताच्या पट्टीची कडी करून पाहिली. ती जड झाली. पुढे अ‍ॅल्युमिनियम मिळू लागल्यावर १८९९ साली त्यांनी हलकी कडी घडविली, प्रत्येकीवर वेगळा क्रमांक आणि आपल्या गावाचे नाव कोरले, आणि साळुंकीच्या कुळातील १६५ पक्ष्यांच्या पायांत ती घालून पक्षी सोडून दिले. लहान मुलाच्या पायात आपण वाळे घालतो, तसे हे वाळे. म्हणून आम्ही पुढे तोच शब्द वापरू. कल्पना एवढीच की वाळे घातलेले पाखरू ज्यास कोठे सापडेल त्याने क्रमांक कळवावा, आणि मास्तरांनी वही उघडून तो केव्हाचा व कोठला ते पाहावे. पाखरांच्या पायांत खुणेचा दोरा किंवा पत्रा बांधणारे त्यांच्यापूर्वीही होते. मास्तरांनी जे नवे केले ते दोन गोष्टींत आहे: प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक, आणि त्या क्रमांकाची वही.

दोनच वर्षांनी, १९०१ साली, योहान्नेस टीनेमान यांनी बाल्टिक समुद्राच्या काठी रॉसिटेन येथे पक्षिनिरीक्षणाचे ठाणे काढले. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस उथळ खाडी, आणि मधल्या वाळूच्या अरुंद पट्टीवरून लक्षावधी पाखरांची वाट. ते गाव आज रशियात आहे, त्याचे नाव रिबाची. युद्धात बंद पडलेले काम तेथे १९५६ पासून रशियन शास्त्रज्ञांनी पुन्हा चालू केले. राज्ये बदलली, झेंडे बदलले, वाळ्यावरचा पत्ता बदलला. वही मात्र पुढे चालू राहिली.

लहान पाखरांच्या बाबतीत पहिली मोठी बातमी आली ती इंग्लंडातून. ६ मे १९११ रोजी स्टॅफर्डशायरमधील एका घरी मेसफील्ड नावाच्या वकिलांनी एका भिंगरीस वाळे घातले. २३ डिसेंबर १९१२ रोजी तीच भिंगरी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात सापडली. वीस ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचे ते पाखरू अर्धी पृथ्वी ओलांडून गेले होते. चिखलात झोपणाऱ्या भिंगऱ्यांची कथा त्या दिवशी कायमची संपली.

मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लहान पाखरांस घातलेल्या वाळ्यांपैकी दूरवरून बातमी येते ती शंभरांत एकाचीही नव्हे. म्हणजे हजार पाखरे हाती धरावीत, मोजावीत, सोडावीत, तेव्हा कोठे चार-दोन पत्रे यावयाची. ज्यास लगेच फळ हवे त्याचे हे काम नव्हे. ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत अशा माणसांनी पहाटे उठून, वर्षानुवर्षे एकच जागा धरून हे काम केले आहे.

आता हे पाखरू धरतात कसे, हे आपल्या गावास सांगताना आम्हांस विशेष आनंद होतो; कारण ती सारी सुताची करामत आहे. जपानातील पारध्यांनी शेकडो वर्षांपूर्वी रेशमी धाग्याचे असे बारीक जाळे विणले की दोन काठ्यांवर ताणून उभे केले तर ते धुक्यासारखे दिसेनासे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑलिव्हर ऑस्टिन हे अमेरिकन पक्षितज्ज्ञ जपानात होते. त्यांनी या जाळ्याची माहिती पाश्चात्त्य शास्त्रज्ञांस करून दिली. पुढे रेशमाची जागा नायलॉनने घेतली. ७० डेनियरचा, दोन पदरी पिळाचा धागा हे या जाळ्याचे नेहमीचे प्रमाण आहे, असे सांगितले म्हणजे येथील मागवाल्यांस निराळे स्पष्टीकरण नको. जाळ्यास आडव्या दोऱ्या असतात आणि मधले कापड सैल सोडलेले असते. पाखरू धडकले की खाली झोळीत अलगद पडते.

पडल्यावर कसोटी लागते ती माणसाची. जाळे अर्ध्या तासाच्या आत पुनःपुन्हा तपासावे लागते. कडक उन्हात व पावसात ते उघडे ठेवीत नाहीत. पाखरू ज्या बाजूने शिरले त्याच बाजूने, आधी पाय आणि मग पंख असे सोडवून सुती पिशवीत ठेवतात. नंतर खास पकडीने वाळे मिटवितात. ते पायावर फिरावे, परंतु निसटू नये आणि रुतूही नये. पंखाची लांबी, वजन, पिसांची झड, छातीखाली साठलेली चरबी, वय आणि वेळ यांची नोंद होते आणि पाखरू सुटते. सारे काही मिनिटांचे काम. हात अनाडी असेल तर त्याच मिनिटांत पाखराचा जीव जातो. म्हणून शिकल्याशिवाय आणि परवानगीवाचून हे काम कोणी करावयाचे नाही, असा दंडक आहे.

आपल्या देशात या कामाचे माहेर मुंबई. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ साली स्थापन झाली. तिच्या वतीने वाळी घालण्याचा आरंभ १९२७ साली मध्य भारतातील धार संस्थानात, तेथल्या महाराजांच्या आश्रयाने, पाणपक्ष्यांवर झाला. पुढे हजारो मैलांवर, सैबेरियात आणि मध्य आशियात, कोणा शिकाऱ्याच्या हाती लागलेल्या बदकाच्या पायावर मुंबईच्या संस्थेस कळविण्याची विनंती कोरलेली सापडू लागली.

या कामास शास्त्राची बैठक दिली ती सालिम अली यांनी. त्यांचा जन्म १८९६ सालचा. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख विचारण्यास ते सोसायटीत गेले आणि तेथेच त्यांचे आयुष्य ठरले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि तेवढ्यासाठी एक सरकारी जागा त्यांस मिळाली नाही, ही गोष्ट मात्र तितकीशी सांगितली जात नाही. आमच्यासारख्या शाळा अर्धवट सुटलेल्या माणसांस ती फार जवळची वाटते. ते स्वखर्चाने जर्मनीत गेले, बर्लिनला एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले, आणि हेलिगोलँड बेटावरच्या ठाण्यात वाळी घालण्याची कला त्यांनी पाहून घेतली. १९३० साली परत आले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली होती.

बेकारीच्या त्या दिवसांत ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी सुगरणीच्या घरट्यांवर पहारा बसविला. त्यातून निघालेला निबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला. नर अर्धे घरटे विणतो. माद्या येऊन ते पारखतात. एखादीने पसंत केले की नर ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे विणावयास घेतो. हा सारा व्यवहार एकाच जागी, दिवसामागून दिवस, एकेका नराची आणि एकेका घरट्याची नोंद ठेवल्यामुळे उघडकीस आला. जो सर्वांस दिसत होता तो विणकर, आणि जे कोणास ठाऊक नव्हते ते त्याचे चरित्र. दोहोंमधले अंतर एका वहीने भरून काढले.

स्वातंत्र्यानंतर वाळ्यांच्या कामास एकाएकी मोठे बळ मिळाले, ते एका तापामुळे. १९५७ साली आजच्या कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसेही आजारी पडली. गोचिडीमुळे पसरणारा हा विषाणू रशियातल्या काही विषाणूंचा नातेवाईक निघाला. आपल्याकडे त्यास माकडताप म्हणतात. २०१६ सालापासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागाने त्याचा तडाखा सोसला आहे. उत्तरेकडून येणारी पाखरे अंगावरच्या गोचिडींबरोबर हा रोग आणतात काय, अशी शंका निघाली, आणि १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने सोसायटीने पक्षी धरून वाळी घालण्याचा मोठा उपक्रम हाती घेतला. पाखरांनी रोग आणला हे सिद्ध झाले नाही. परंतु त्या निमित्ताने धोबी, वटवटे, भिंगऱ्या अशी लहानसहान पाखरेही प्रथमच मोठ्या संख्येने वहीत आली.

याच काळात, १९६३ ते १९७१ या वर्षांत, अमेरिकन सैन्याच्या पैशाने आशियातील अनेक देशांत दहा लाखांहून अधिक पक्ष्यांस वाळी घालण्यात आली. आता सैन्यास पाखरांच्या वाटा कशास हव्यात, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावयाचा. तो आपल्या संसदेतही आला, आणि १९७५ साली लोकलेखा समितीने परकीय पैशावर चाललेल्या संशोधनाची, त्यात या पक्षिसंशोधनाचीही, कडक झडती घेतली. सालिम अली यांस तो आरोप अन्यायाचा वाटला. आमच्या दृष्टीने त्या वादातून राहिलेला बोध निराळा आहे. हजेरीपट कोणाच्या कपाटात आहे, यास महत्त्व असते. मालकाच्या कपाटातला हजेरीपट कामगारास दिसत नाही तोवर तो त्याच्या उपयोगाचा नाही. तद्वत पाखरांची नोंद ज्या गावची आहे त्या गावास ती वाचता आली पाहिजे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. हे सारे पक्षी धरले कोणी? बिहारमधील मीरशिकार नावाच्या जमातीच्या पारध्यांनी. पाखरे धरून विकणे हा त्यांचा पिढीजात धंदा. कोणत्या गवतात कोणते पाखरू कोणत्या वेळी उतरते, फास कोठे लावावा, पाखरास इजा न होता ते हाती कसे यावे, हे ज्ञान त्यांच्या बोटांत होते. सोसायटीने त्यांस कामावर घेतले, आणि अली हुसेन यांच्यासारख्या कसबी माणसाचे नाव पुढे परदेशांतल्या शास्त्रज्ञांसही ठाऊक झाले. परंतु ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर पारध्यांची नावे क्वचितच येतात. कापडावर मिलचा शिक्का असतो, विणणाऱ्याचा नसतो. त्यातलाच हा प्रकार.

येथवर वाटेचा शोध झाला. परंतु गेल्या पन्नास-साठ वर्षांत वाळ्यांस दुसरे आणि अधिक मोलाचे काम मिळाले आहे: पाखरे टिकताहेत की नाहीत, आणि टिकत नसतील तर खोट कोठे आहे, हे पाहणे. ब्रिटनमध्ये १९८३ पासून अशी पद्धत चालू आहे की बोरूच्या बनात किंवा झुडपांत ठरलेल्या जागी, ठरलेल्या लांबीची जाळी, ठरलेल्या दिवसांच्या अंतराने, तितकेच तास लावावयाची. मेहनत दरवर्षी सारखी; म्हणून हाती येणाऱ्या संख्येतला फरक हा पाखरांतला फरक समजावयाचा. त्यातून दोन आकडे निघतात. एक, म्हाताऱ्यांच्या मानाने यंदाची पिले किती. दुसरा, मागल्या वर्षी वाळे घातलेल्यांपैकी परत आले किती. पिले घटली तर खोट विणीच्या जागेत. पिले भरपूर, पण जुने परत येत नाहीत, तर खोट वाटेत किंवा हिवाळ्याच्या मुक्कामी. कारखान्यात गडी कमी दिसू लागले तर आम्हीही आधी हेच विचारतो: नवी भरती थांबली आहे, की जुने सोडून जात आहेत? दोहोंचा इलाज निरनिराळा असतो.

या हिशेबाचे महत्त्व एका उदाहरणाने पटेल. १९६९ च्या वसंतात ब्रिटनमध्ये पांढऱ्या गळ्याचा एक वटवट्या आदल्या वर्षीच्या मानाने चारांत तीन इतका घटला. लोक आपापल्या कुंपणांकडे आणि शेतांवरच्या औषधांकडे बोट दाखवू लागले. खरे कारण हजारो मैलांवर होते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस, जेथे हा पक्षी हिवाळा काढतो, तेथे दुष्काळ पडला होता. पुढे पाणथळीतल्या बोरूत राहणाऱ्या दुसऱ्या एका वटवट्याच्या वाळ्यांचा हिशेब मांडला, तेव्हा पश्चिम आफ्रिकेत पाऊस जितका कमी तितके परत येणारे पक्षी कमी, असे स्पष्ट दिसून आले. इंग्लंडातल्या तळ्याचे भवितव्य माली आणि सेनेगल येथील दलदलीत लिहिले जात होते. मग मध्य आशियातून किंवा रशियातून जो बोरूवटवट्या आपल्या ओढ्यावर येतो, त्याचे भवितव्य आपल्या ओढ्यात लिहिले जात नसेल, असे कोण म्हणेल?

कोणी म्हणेल, दुर्बिणीने पाहून मोजा की. हाती धरण्याची गरज काय? बदके, बगळे यांच्या बाबतीत हे ठीक आहे. बोरूतले वटवटे मात्र एकमेकांसारखे इतके, की पंखाच्या पिसांची लांबी मोजल्यावाचून जाणत्यासही जात ओळखणे कठीण. १८६७ साली अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, जे पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे प्रसिद्ध झाले, हिमालयात सतलजच्या खोऱ्यात एक मोठ्या चोचीचा बोरूवटवट्या मिळविला. तो एकच नमुना इंग्लंडच्या संग्रहालयात राहिला. तसा दुसरा पक्षी कोणास ओळखून दाखविता आला नाही. २७ मार्च २००६ रोजी थायलंडमध्ये बँकॉकच्या दक्षिणेस फिलिप राउंड हे वाळी घालीत असता एक वटवट्या हाती आला. पंख आखूड, चोच लांब. पिसांची रासायनिक पारख झाली आणि १३९ वर्षांनी तीच जात जिवंत असल्याचे ठरले. पुढे अफगाणिस्तानच्या वाखान भागात तिची विणीची जागाही सापडली. राउंड यांचे जाळे कोठे लागले होते, हे आपल्या गावाने मुद्दाम ऐकण्यासारखे आहे. ती जागा म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या तळ्यांचा परिसर. शहराचे घाण पाणी रीतीने निवळविले तर त्यातही बोरू उगवतो, आणि हरवलेली पाखरे त्यात राहतात.

परंतु नोंदीचे खरे मोल कळते ते वाद पेटल्यावर. राजस्थानातील भरतपूरची पाणथळ ही माणसाच्या हाताने घडलेली. संस्थानी काळात ती शिकारखाना होती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉयच्या मेजवानीत तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. पुढे ती सोसायटीच्या वाळ्यांच्या कामाचे मोठे केंद्र झाली. १९८२ साली राष्ट्रीय उद्यानाच्या नियमांप्रमाणे गावकऱ्यांच्या म्हशींस तेथे चराई बंद झाली. गुरे पाणथळीचे नुकसान करतात, असे सालिम अली यांच्यासह अनेक थोरांचे मत होते. गावकरी चवताळले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे मेली. सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी दहा वर्षे पाणी, गवत, मासे आणि पक्षी मोजले, तेव्हा दिसले ते उलटच. म्हशी नाहीशा होताच पाणगवत बेसुमार माजले, उघडे पाणी झाकले गेले, आणि पाखरांचीच जागा आकसली. म्हशी त्या पाणथळीच्या शत्रू नव्हत्या, तिच्या कामकरी होत्या.

ही गोष्ट आम्हांस दोन कारणांनी महत्त्वाची वाटते. ज्या संस्थेतील थोरांचे मत बंदीच्या बाजूस होते, तिनेच आपल्या मताविरुद्ध जाणारे आकडे प्रसिद्ध केले, हा तिचा मोठेपणा. आणि दुसरे हे की मोजणी आधी झाली असती, तर कदाचित गोळी झाडण्याची वेळ आली नसती. गरिबाचे पोट आणि पाखराचे घर यांत वैर आहे, असे ठरविण्याची घाई नेहमी होते. वही उघडली म्हणजे बहुधा वैर दुसरीकडे असल्याचे कळते.

आता आपल्या दाराशी येऊ. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि या साऱ्या पंचक्रोशीचे, कबनूरचेही, नशीब धाग्यास बांधले गेले. कापडाबरोबर रंगणी आणि धुलाई आली, आणि तिचे पाणी काळ्या ओढ्यातून पंचगंगेस मिळू लागले. ओढ्याचे ते नाव कशावरून पडले, हे कोणास सांगावयास नको. दुसरीकडे सखल जागा मुरूम टाकून भरल्या जात आहेत. तेथे प्लॉट पडतात. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर ज्यांनी पाहिले, त्यांस पाणी साठविणारी सखल जागा म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पाणथळींसाठी कायदा नाही असे नव्हे. २०१७ साली केंद्र सरकारने पाणथळींचे नियम केले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने देशातील २,०१,५०३ पाणथळींस आधीच्या, २०१० सालच्या नियमांची तत्त्वे लावण्याचा आदेश दिला. परंतु २०१७ च्या नियमांत नदीचे पात्र, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी वा शेतीच्या सिंचनासाठी बांधलेली तळी बसत नाहीत. म्हणजे आमच्या भागातल्या कितीतरी ओल्या जागा मुळातच बाहेर. ज्या आत बसू शकतील, त्यांच्यासाठी जागेचे टिपण लागते: क्षेत्र किती, पाणी कोठून येते, जीवसृष्टी कोणती. ज्या तळ्याचे टिपण नाही, ते तळे कागदोपत्री पडीक जमीन. अकरा-अकरा वर्षे एकाच शेडमध्ये राबलेल्या, पण पटावर नाव नसलेल्या कामगाराची जी गत आम्ही पाहिली आहे, तीच ही. १९७२ साली ग्रॅच्युइटीचा कायदा झाला आणि त्याच साली वन्यजीव संरक्षणाचाही. दोन्ही कायद्यांनी हक्क दिला. पुरावा आणण्याचे काम मात्र हक्कदाराकडेच राहिले. कामगार निदान साक्षीला उभा राहतो. वटवट्यास तेही नाही.

येथे आमचे कामगार बांधव रास्त शंका घेतील. नदी काळी झाली की कारखाने बंद करण्याचे हुकूम निघतात, आणि पहिली रोजी बुडते ती कामगाराची. मग आम्हीच पाखरांची वकिली का करावी? आमचे उत्तर असे. नोंद नसली म्हणजे दोष सर्वांवर सारखा वाटला जातो. जो पाणी निवळून सोडतो तोही बंद, आणि जो रात्री तसेच सोडतो तोही बंद. नोंद असली म्हणजे कोणत्या ओढ्यास, कोणत्या महिन्यात, कोठून खाली जीवसृष्टी नाहीशी झाली, हे दाखविता येते, आणि दोष असेल तेथे बोट ठेवता येते. शिवाय ओढ्याचे पाणी पाखरू पिते, तसेच ओढ्याकाठी राहणाऱ्या कामगाराचे मूलही त्याच हवेत आणि त्याच डासांत वाढते. गावाच्या सखल भागात घरे कोणाची असतात, हे आपण जाणतोच.

वाळे घालण्याचा अधिकार आपल्यास नाही, आणि परवानगीशिवाय जंगली पाखरू धरणे हा गुन्हा आहे. जाळी लावणे हे जाणत्या संस्थांचे काम. त्यांनी येथे यावे, अशी मागणी आपण करू शकतो. पण डोळे, कान आणि वही यांस परवाना लागत नाही. दरवर्षी जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून चालू आहे. तिच्यात सामान्य माणसे भाग घेतात. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा विचार झाला. १७८ जातींकडे तातडीने लक्ष देण्याची गरज त्यात सांगितली आहे. तो अहवाल सुमारे ३०,००० हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. सोलापूरसारख्या विणकरांच्या शहरात १९३२ साली जन्मलेले आणि २०२५ साली निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत राहून रानातल्या माणसांकडून पाखरांची मराठी नावे गोळा केली आणि पक्षिकोश सिद्ध केला. म्हणजे नोंदीसाठी आपल्याच भाषेत शब्दही तयार आहेत.

तेव्हा आमची सूचना अगदी लहान आहे. एक जागा निवडावी. ओढ्याचा एखादा वळसा, तळ्याचा एखादा काठ. महिन्यातून एक ठरलेला दिवस, सूर्योदयानंतरचा एक तास, चालण्याची वाट तीच. शाळेतला एक मुलगा, एक मुलगी, एखादा रात्रपाळीहून परतणारा कामगार आणि एखादा निवृत्त मास्तर एवढी माणसे पुरेत. धोबी किती दिसले, भिंगऱ्या किती, वटवट्याचा आवाज कितीदा आला, पाण्याचा रंग आणि वास कसा होता, एवढे रकाने पुरेत. वहीच्या दोन प्रती असाव्यात. एक शाळेत, एक वाचनालयात, आणि कोणासही त्या पाहता याव्यात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या दिवशी काहीच दिसणार नाही, त्या दिवशी शून्य लिहावे. रकाना कोरा सोडू नये. नवशिके निरीक्षक येथे कंटाळतात. काही नव्हते तर लिहावयाचे काय, असे त्यांस वाटते. परंतु हजेरीपटात गैरहजेरीची खूण हजेरीइतकीच मोलाची असते. कोरा रकाना मात्र दोन्ही बाजूंस सोयीप्रमाणे वाचता येतो. पाखरू ज्या वर्षी आले नाही ते वर्ष कोणी मांडून ठेवले नसेल, तर पूर्वी ते येत होते हेही पुढे कोणी मान्य करणार नाही. येत्या आश्विनात पाहुणे परत येतील. त्यापूर्वी रकाने आखून ठेवावेत, एवढीच विनंती.